दालपुरी आणि आईचा गूळ

मुग्धा, मी ग्वाल्हेर सोडलं तेव्हा तू शाळेत होतीस, त्यामुळे स्टेशनवरचा तमाशा तू पाहिला नाहीस. स्टेशनच्या वाटेवर पडावापाशी रिक्षा अडकली म्हणून आई गाडी येईपर्यंत तुझ्या बाबाशी भांडत होती. मी परदेशी निघालेय याबद्दल एक अक्षर नाही. डबा हलायला लागला तेव्हा मात्र खिडकीशी आली आणि म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे दोनच हं. तिथे भांडीकुंडी जमवत बसू नकोस."

त्याला अकरा वर्षं झाली. माझ्याकडे आता तीन कुकर आहेत.

आणि परवा तिथल्या सिटी सेंटरमधल्या तुझ्या ऑफिसातून तुझा मेसेज: "आत्या, मॉरिशसमध्ये क्या-क्या खायचं, लिस्ट भेज ना. टूरिस्टवालं नको, असली चाहिए." असली हवंय तर ऐक. सकाळी गातो पिमां, म्हणजे मिरची घातलेले डाळीचे छोटे वडे. ते पावात लोणी लावून खातात. हसू नकोस, खाऊन बघ. दुपारी आलूदा, आपल्या फालुद्याचा चुलतभाऊ, सब्जा घातलेलं थंड दूध. समुद्रावर तिखटमीठ लावलेला अननस. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण मिळालं तर केळीच्या पानावर भाताभोवती सात भाज्या वाढतात, ते चुकवायचं नाही. ऑक्टोपसची करीही इथलीच, पण ती खाल्लीस तर घरी सांगू नकोस.

दालपुरीचं मात्र वेगळं लिहावं लागेल, कारण ती मी तुझ्या आजीबरोबर खाल्ली.

गेल्या वर्षी आई इथे आली ती माझ्या आग्रहाने. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, की मी आता इथेच राहणार आहे, तसे कागदही केलेत. फोनवर सांगायची हिंमत होत नव्हती, कारण दर फोनला तिचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "मग, परत कधी?" मी मनात योजना आखली. आधी खायला घालायचं, गाव दाखवायचं, आवडलं की हळूच सांगायचं. कारखान्यात दिवसभर कापडाचे रंग जुळवते मी, पण ह्या बाईशी काही जुळवून घ्यायचं म्हणजे कठीण काम.

योजना पहिल्याच दिवशी बारगळली. गातो पिमां बघून आई म्हणाली, "पावात वडा घालायला मॉरिशस कशाला?" आलूद्याला नाक मुरडलं. चार दिवस माझ्याच स्वयंपाकघरात वरणभात करून जेवली. मी जमवलेली भांडी मात्र बघत होती.

पाचव्या दिवशी तिला रोझ हिलच्या बाजारात नेलं. तिथे कोपऱ्यावर एक म्हातारबा गाडीवर दालपुरी विकतात, मी दर शनिवारी जाते. आईनं गाडीवर रचलेल्या पातळ, मऊ पोळ्या पाहिल्या. एकीतून हरभऱ्याच्या डाळीचं पिवळं पुरण डोकावत होतं. तिचा चेहराच उजळला. "अगं, ही तर पुरणपोळी!" पिशवीतून डबी काढली. ग्वाल्हेरहून आणलेला गूळ, पाचही दिवस तिच्याबरोबर फिरत होता. म्हातारबा रस्सा घालणार एवढ्यात तिनं पोळी हातात घेऊन तुकडा मोडला, चाखला आणि थबकली.

"भैया, इसमें गुड़ डालना भूल गए क्या?"

"ना माई," ते भोजपुरीत म्हणाले, "ई नमकीन बा."

"अरे राम! चारों तरफ़ गन्ना ही गन्ना, और पोळी में गुड़ नहीं!" असं म्हणून तिनं खरोखरच त्या मीठ-जिऱ्याच्या पोळीवर गूळ कुस्करला आणि अर्धी म्हातारबांना दिली. त्यांनी गंभीरपणे खाल्ली. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं लक्ष वळवायला मी इथल्या क्रिओल बोलीत म्हटलं, "एन पेर," म्हणजे एक जोडी, कारण दालपुरी जोडीनंच मिळते. ते काहीतरी चिडवून बोलले, मी हसून उलट उत्तर दिलं. त्यांनी पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांचा रस्सा घातला, टोमॅटोची चटणी घातली, वर न विचारता तीन चमचे मिरची घातली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

आई बघत होती. मग तिनंही तशीच एक जोडी मागितली, बाकावर बसून निवांत संपवली, बोटंसुद्धा चाटली. माझ्या मनात आलं, हीच वेळ. मी तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "तू एवढं तिखट कधीपासून खातेस?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"त्या गाडीवाल्याला माहीत आहे," ती म्हणाली. "मला नाही."

बाजारातली माणसं येत-जात होती. तिनं गुळाच्या डबीचं झाकण लावलं. "तू काही आता परत यायची नाहीस. कळलं मला. पण घरी येशील तेव्हा तुला विचारून वाढावं लागणार बघ." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

यंदा मार्चमध्ये मी ग्वाल्हेरला, दौलतगंजच्या घरी आले होते ते तुला आठवत असेल. पहिल्या दिवशी जेवताना तू माझ्या समोरच होतीस, मोबाईलमध्ये डोकं घालून. आईनं ठेच्याचा चमचा माझ्या ताटावर धरला आणि विचारलं, "किती वाढू गं?" मी जन्मल्यापासून तिनं मला हे विचारलं नव्हतं. पाहुण्यांना विचारतात. मी म्हटलं, "तू नेहमी वाढतेस तेवढा."

तिनं तेवढा वाढला. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि वर आणखी एक चमचा घातला. पहिला तिच्या मुलीसाठी होता, दुसरा मॉरिशसमध्ये राहणाऱ्या बाईसाठी. मी दोन्ही खाल्ले.