नळी माणसांकडे वळली तेव्हा

नवशिक्यांची स्पर्धा असली की त्या रविवारी मला सकाळपासून चैन पडत नाही. नागपूरहून बँकेच्या बदलीवर सुरतेत आलो, कॉलेजात एनसीसीत बंदूक धरली होती म्हणून इथल्या नेमबाजी क्लबात शिरलो. डोळे अधू झाले तशी सुरक्षेची देखरेख माझ्याकडे आली. दहा लेनच्या मागून येरझारा घालायच्या आणि प्रत्येकाच्या हातांकडे बघत राहायचं, हे माझं काम. नेम कुणाचा कुठे लागला ते मला कधीच कळत नाही.

नियम थोडेच. हुकूम होईपर्यंत छर्रा भरायचा नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, आणि पिस्तुलाची नळी कायम लक्ष्याच्या दिशेला. ती माणसांकडे वळली की स्पर्धक बाद. हवेवर चालणारं पिस्तूल, त्याचं काय एवढं, असं लोकांना वाटतं. पण त्या छर्ऱ्याने माणसाचा डोळा जाऊ शकतो.

त्या दिवशी चौथ्या लेनवर चाळिशीच्या एक ताई होत्या. गाव धुळ्याकडचं, काम पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगवलेलं कापड तपासायचं. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आमच्याकडे सराव करायची. तिच्यासोबत येऊन बाकावर बसून राहायच्या त्या; एक दिवस म्हणाल्या, मलाही धरून बघू द्या. ही त्यांची पहिलीच स्पर्धा. मुलगी मागे प्रेक्षकांत उभी होती.

पाच-सहा नेम झाले असतील. मी सातव्या लेनपाशी होतो. ताईंचं पिस्तूल चाललं नाही. त्यांनी दोनदा ट्रिगर ओढला आणि पिस्तूल हातात तसंच धरून त्या गर्रकन मागे वळल्या.

"भाऊ, हाई चालत नही!"

नळी प्रेक्षकांवरून, त्यांच्या मुलीवरून फिरून माझ्या पोटाच्या रोखाने थांबली. मी "स्टॉप!" ओरडलो. सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. ताई मात्र होत्या तशाच गोठल्या.

"ताई, बोट बाहेर काढा," मी जमेल तितक्या हळू म्हणालो. "आता हळूहळू समोर वळा. टेबलावर ठेवा."

त्यांनी ठेवलं. मी उघडून पाहिलं, तर आत छर्रा होता.

"ताई, तुम्ही बाद. बाहेर जाऊन बसा."

"आज सुट्टी मिळावी म्हणून दोन पाळ्या जोडून केल्यात, भाऊ."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे साहेब, पहेली वार छे, जवा दो ने." पहिलीच वेळ आहे, जाऊ द्या म्हणे. मी नकारार्थी मान हलवली. ताई निघून गेल्या. मुलगी त्यांच्या मागे गेली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

पुढच्या तासाभरात मी किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. नियमाप्रमाणेच वागलो होतो, तरी काहीतरी आत टोचत होतं. काय ते मला ठाऊक होतं, पण त्याच्याकडे बघायचं नव्हतं. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला बाहेर आलो, तर ताई जिन्यात बसलेल्या. मी चुकवून जाणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"गोळी सुटली असती तर पोरीला लागली असती?"

"लागू शकली असती."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. "मग काढलंत ते बरोबर केलंत. पण मागच्या स्पर्धेला एक साहेब असेच वळले होते. मी बाकावरून पाहिलं. त्यांना नाही काढलंत."

ते साहेब आमच्या शाखेचे मोठे खातेदार होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत त्यांना वळवलं होतं. कुणी पाहिलं नाही, असं समजून.

आत जाऊन मी मुख्य पंचांना सगळं सांगितलं. ते वैतागले. "झालं गेलं. आता कशाला उकरून काढता?"

"अहवालात लिहितो," मी म्हणालो, आणि माझी चूक माझ्याच हाताने लिहिली.

समितीने मला पुढच्या दोन स्पर्धांना देखरेखीवरून काढलं. साहेबांना कुणीतरी सांगितलं असावं. ते क्लबात यायचे बंद झाले, आणि बँकेत मला पाहूनही न पाहिल्यासारखं करू लागले. माझी एक सूचना मात्र समितीने ऐकली. आता नवशिक्यांना नाव नोंदवण्याआधी सुरक्षेचा अर्ध्या दिवसाचा वर्ग करावा लागतो. तो मीच घेतो.

पहिल्या वर्गाला ताई मुलीला घेऊन आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. मी नळीच्या दिशेबद्दल बोलत होतो, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, त्यानंतर कोणाला सोडलं का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं, त्या दिवसानंतर देखरेखीवर मी उभाच राहिलो नव्हतो. तरी वर्ग संपेपर्यंत मला त्यांच्याकडे सरळ बघता आलं नाही.