बारा मार्कर, बारा लाल पट्ट्या

रविवारचे आठ वाजले होते. सुनंदाताईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं, सुधाकररावांनी "शेव संपली का?" हा रोजचा प्रश्न विचारला, आणि दार वाजलं. बेल असूनही दार ठोकलं, म्हणजे माणूस घाईत.

शेजारच्या क्वार्टरमधली केतकी होती. केरवा धरणाच्या रस्त्यावर तिने पेंटबॉलचं मैदान चालवायला घेतलं होतं. तिने पिशवीतून मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी ती बंदूक, काढून पोह्यांच्या कढईशेजारी ठेवला.

"मावशी, ये पगला गया है! एकदा ट्रिगर दाबला की पाच-सहा गोळ्या सुटतात. काल मैदानावर मदतीला असणाऱ्या आशयच्या मानेवर चार वळ उठलेत. आणि अकराला एम. पी. नगरच्या कोचिंगची चाळीस पोरं येतायत."

सुनंदाताईंचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. मार्करला गॅसचं सिलिंडर तसंच लावलेलं होतं, नळीवर टोपण नव्हतं, आणि नळीचं तोंड सुधाकररावांच्या पोटाकडे होतं.

"अहो, उठा. हळूच. माझ्या मागे या."

"पोहे घेऊन येऊ का?"

"नुसते या!"

एकतीस वर्षं सुनंदाताईंनी कारखान्यात दाबाचे व्हॉल्व्ह तपासले होते. निवृत्त झाल्यावरही कपाटातला कामावरचा जाड चष्मा त्यांनी टाकला नव्हता. तो लावून त्यांनी मार्कर मागच्या अंगणात नेला, तोंड भिंतीकडे केलं, आधी गोळ्यांचा डबा काढला आणि मग सिलिंडर फिरवून सोडवलं.

"झालं ना?" केतकी पुढे सरकली.

"मागेच थांब. आत अडकलेला गॅस बाहेर कोण काढणार?"

त्यांनी एकदा ट्रिगर दाबला. फाट्! नळीत राहिलेली गोळी सुटली, पाठोपाठ आतला हातोडा खटखट आपटत राहिला. भिंतीवर केशरी डाग पडला, आणि दोरीवरच्या सुधाकररावांच्या बनियनवर शिंतोडे.

"माझ्या चांगल्या बनियनवरच नेम धरलास," सुधाकरराव म्हणाले. सुनंदाताई केतकीकडे वळल्या.

"सिलिंडर कधी भरलंस?"

"काल संध्याकाळी. फुल."

"म्हणजे गॅस कमी पडल्याने हे होत नाहीये. गोळी सुटली की गॅस हातोड्याला मागे ढकलतो, आणि एका खिटीने त्याला तिथे धरून ठेवायचं असतं. खिटी निसटली की तो आपोआप पुन्हा पुढे येतो. ही खिटी निसटतेय."

जुन्या टॉवेलवर त्यांनी मार्कर उघडला. खिटीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कड शाबूत होती. मग खिटीमागची स्प्रिंग चिमट्याने उचलली. बारीक, चकचकीत, बाकीच्या भागांशी मेळ न खाणारी.

"ही कुठली गं?"

केतकीने घड्याळाकडे पाहिलं. नऊला वीस मिनिटं होती.

"केतकी."

"पेनाची. मुलींना ट्रिगर जड जायचा, मावशी. बोटं दुखतात म्हणायच्या. मी ही घातली, इतका मऊ झाला की सगळ्या खूश!"

"सगळ्या? एवढ्या नरम स्प्रिंगने खिटी घट्ट बसत नाही. किती मार्करमध्ये घातलीस?"

"बाराही." आणि मग घाईघाईने, "पण बाकीचे अकरा कालपर्यंत नीट चालले. आजच्या दिवस चल जाएगा ना? मूळच्या स्प्रिंगा डब्यात आहेत, उद्या बदलू."

सुनंदाताईंनी चष्मा काढला. कारखान्यात दुरुस्तीतल्या यंत्रावर लाल पट्टी बांधायची आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची, असा रिवाज होता. एकदा जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकायचं म्हणून त्यांची पट्टी दुसऱ्याच कोणीतरी सोडली. दाब दाखवणाऱ्या मापकाची काच फुटली. पट्टी सोडणाऱ्या त्या माणसाच्या उजव्या डोळ्याला तेव्हापासून दिसत नाही. दिवाळीला अजूनही त्याचा फोन येतो.

त्यांनी जुन्या लाल परकराच्या बारा पट्ट्या फाडल्या. एक टॉवेलवरच्या मार्करला घट्ट बांधली, अकरा केतकीच्या हातात दिल्या.

"तू पुढे हो. मी काकांच्या स्कूटरवर मागोमाग येते. एकेकाला अर्धा तास लागेल. अकराला दोन-तीन तयार असतील, तेवढेच खेळतील."

"आणि बाकीची पोरं? वैतागतील, मावशी."

"वैतागू देत." त्यांनी तिचा हात धरला. "माझं एवढंच ऐक. मी सोडल्याशिवाय एकही पट्टी कोणाला सोडू देऊ नकोस."