बंगल्याच्या विहिरीबद्दल मी जे सांगितलं

यमुनेचा उजवा हात मी धरला होता. डावा तिच्या दिराने, गणपतने. ती विहिरीच्या कठड्यावर बसून ओरडत होती आणि उठत नव्हती. मागे दगडमातीने भरलेल्या बैलगाड्या खोळंबल्या होत्या. कामावरचा मुकादम — तो माणूस वाईट नव्हता, हेच तर — खाली वाकून तिला म्हणाला, "बाय, तुझ्या नवऱ्याचं कळलं आम्हाला. वाईट झालं. पण आता ऊठ. ही विहीर बुजलेलीच बरी."

यमुना ओरडायची थांबली. "माझ्या नवऱ्याचं काय?"

मुकादम उठून गाडीवानाकडे वळला. मग ती आमच्याकडे बघायला लागली, एकेकीच्या तोंडाकडे. आळीतल्या सगळ्या जणी तिथे होत्या. माझ्याकडे बघायला तिला मान वळवावी लागली असती, कारण मी तिच्या अंगाला लागूनच उभी होते. तिने वळवली का? मला माहीत नाही. मी खाली बघत होते. मग गणपतने आणि मी तिला ओढून बाजूला केली आणि पहिली गाडी विहिरीत रिकामी झाली.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवाला माहीत असेल तर असेल, माझ्या तोंडून गेलेलं नाही. मी तिसरीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहिता येतं, पण सजवून लिहिता येत नाही. ते बरंच आहे.

आमची आळी ठाण्यात, खाडीच्या अंगाला. पुरुष मिठागरावर कामाला. आळीतल्या विहिरीचं पाणी मचूळ — त्यात डाळ शिजायची नाही आणि चहा कितीही गूळ घातला तरी खारट लागायचा. आळीच्या पाठीमागे एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता, मोठं आवार, चिंचेची झाडं, आणि त्या आवारात विहीर. खाडी एवढी जवळ असून त्या विहिरीचं पाणी गोड. साहेब होता तेव्हा त्याचा माळी आम्हाला मागच्या बाजूने पाणी भरू द्यायचा. गोरे गेले, बंगला ओस पडला. कौलं गेली, दारं गेली — आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बंगल्याची होती, खोटं कशाला सांगू? आवाराच्या दगडी गडग्याला एक भगदाड होतं, त्यातून आळीची प्रत्येक बाई पाण्याला जायची.

यमुना माझी शेजारीण. आमचं लग्न एकाच उन्हाळ्यात झालेलं. तिचा नवरा मिठागरावर पान लागून गेला — साप चावला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ती बंगल्याचं पाणी भरून टेंभी नाक्याकडच्या घरांमध्ये नेऊन द्यायची. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी. त्यावर तिचं पोट चालायचं. विहीर म्हणजे आम्हाला चांगला चहा. तिला ती दोन वेळची भाकरी होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं.

मग तो माणूस आला.

आम्ही त्याला नकाशावाला म्हणायचो. डोक्यावर टोपी, हातात मोठी फळी, तिच्यावर कागद टाचलेला. बरोबर टेप धरायला एक गडी. बंगल्याच्या पडवीत बसून दिवसभर रेघा ओढायचा. आणि प्रश्न! सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं? पावसात पाणी कुठे तुंबतं? दुपारी सावली कुठपर्यंत सरकते? वारा कुठून येतो? तुम्ही जाता कुठून, येता कुठून?

आळीत हसून हसून पुरेवाट झाली. "वारा कुठून येतो ते विचारतो गो!" "मग काय, गोरा जाताना वारा पण घेऊन गेला?" "याला पगार कशाचा देतात?"

माझी सासू मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आधी वारा विचारतात. मग घर."

ते माझ्या मनात रुतलं. माझं माहेर शीळफाट्याच्या पलीकडे, कल्याणच्या वाटेवर. लढाईच्या दिवसांत तिथे जमीन मोजायची साखळी घेऊन माणसं आली होती. बापाने त्यांना ताक दिलं, खाटेवर बसवलं. त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात या जमिनीत काय लावता?" बाप खरं बोलला, "काही नाही." भाताची खाचरं, उन्हाळ्यात काय लावणार? त्यांनी पडीक म्हणून मांडली. मग तिथे लष्कराचे तंबू लागले. बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, मी त्यांना काहीतरी लावतो म्हणून सांगायला हवं होतं.

हे कारण म्हणून सांगत नाही. बापाची जमीन गेली त्यात यमुनेचा काय दोष?

आळीत ठरलं — नकाशावाला आहे तोवर विहिरीवर कोणी जायचं नाही. सरकारी आवारात घुसता म्हणून दंड करतील, घरं मोजतील, खिडक्या ओळखतील. आम्ही लांबच्या तळ्यावरून पाणी आणायला लागलो. तो बिचारा पडवीत बसून रिकाम्या वाटेकडे बघत राहिला. बिचारा हे आता म्हणते. तेव्हा मला तो साप वाटत होता. गोड बोलायचा, पोरांना पेन्सिलीचे तुकडे द्यायचा. पेन्सिली फुकट कोण वाटतं?

तो मूर्ख नव्हता. माझं घर भगदाडाच्या सगळ्यात जवळ, म्हणून माझ्याकडेच आला.

"बाई, ही विहीर वापरात आहे का?"

"नाय."

त्याने मला विहिरीपाशी नेलं. कठड्याच्या दगडाला दोरांनी घासून घासून चरे पडले होते, बोट बुडेल एवढे. त्यात त्याने बोट घातलं. "मग हे कोणाच्या दोराचे?"

"साहेबाच्या माळ्याच्या."

तो हसला. रागावला नाही. त्याने कागद दाखवला आणि मला समजावून सांगितलं — मला, तिसरी शिकलेल्या बाईला. इथे बाळंतपणाचा दवाखाना होणार आहे. खाटांना खाडीचा वारा लागला पाहिजे, पण उन्हं नकोत, म्हणून तो हे सगळं विचारतो आहे. कागदावर एक लहान गोल होता. "ही विहीर. लोक पाणी पीत असतील तर हिच्याभोवती चौक सोडतो, आळीच्या बाजूने वेगळं दार ठेवतो. कोणाला नको असेल, तर खोल्या इथवर येतील. म्हणून विचारतोय. खरं काय ते सांगा."

खरं काय ते सांगा! मला वाटलं, सापळा आहे. चोराकडून कबूल करून घेताना असंच गोड बोलतात. वेगळं दार! आमच्यासाठी दार कोण कशाला ठेवेल?

मी म्हटलं, "कोणी पीत नाय."

दुसऱ्या दिवशी यमुना त्याच्याकडे गेली. उघड गेली, भरदुपारी. बाकीच्यांना ती विहीर आठवडाभर सोडणं जमत होतं, तिला जमत नव्हतं. नाक्यावरच्या घरांनी दुसरी बाई बघितली असती. ती त्याच्यासमोर उभी राहून हात वर करून बोलत होती, भगदाड दाखवत होती, चरे दाखवत होती. मी खिडकीतून बघितलं. त्याच खिडकीतून, चोरलेल्या.

तो परत माझ्या दारात. "त्या यमुनाबाई म्हणतात, अख्खी आळी इथलं पाणी भरते. मी कोणाचं खरं धरू?"

आणि मी —

मला माहीत आहे, इथे माणूस म्हणतो की तोंडातून निघून गेलं. निघून नाही गेलं. मी ओटीवर आले, दार मागे ओढून घेतलं, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली केला. मग म्हटलं, "साहेब, तिचं मनावर घेऊ नका. तिच्या नवऱ्याने त्याच विहिरीत जीव दिला. तेव्हापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिथेच घुटमळते. आम्ही कोणी त्या पाण्याला शिवत नाय."

त्याने टोपी काढली. कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. चांगला माणूस होता, म्हणून त्याने यमुनेला परत काही विचारलं नाही. तिचं दुःख उकरून काढायला नको, असं वाटलं असेल. वाईट माणूस असता तर विचारलं असतं आणि माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. आणि जिथे बाया बाळंत होणार, तिथे जीव दिलेल्याची विहीर कोण ठेवेल?

एवढं खोटं बोलायची गरज काय होती? विहीर वाचवायला नव्हती, घर वाचवायलाही नव्हती. मी पुष्कळ वर्षं स्वतःला बापाच्या खाचरांचं सांगत राहिले. ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं असं — माझा नवरा यमुनेच्या डोक्यावर हंडा उचलून द्यायचा. भगदाडापाशी चढ होता, तिथे तो असला की हात लावायचा. मला कधी लावला नाही. मी दोघांवर डोळा ठेवून होते. ती हसली की मला वाटायचं, का हसली? तो घरी उशिरा आला की मी त्याच्या सदऱ्याची बाही ओली आहे का बघायचे. त्यांच्यात काही होतं का? नव्हतं. आज सांगते, नव्हतं. तेव्हाही मला हे माहीत असावं. पण संशय घ्यायला मला आवडायचं.

पुढचं सांगितलंच. पाऊस संपल्यावर गाड्या आल्या. यमुना कठड्यावर बसली. मुकादमाने तोंड उघडलं.

तिला ओढून बाजूला केल्यावर आळीला प्रश्न पडला — वापरातली विहीर बुजवली कशी? कोणी काय सांगितलं? नवऱ्याचं काय म्हणत होता तो? गणपत म्हणाला, हिनेच दया यावी म्हणून काहीतरी रचून सांगितलं असेल, माझ्या मेलेल्या भावाला मध्ये घातलं असेल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण माझं घर जवळ.

मी म्हटलं, "मी बघितली तिला. भरदुपारी त्याच्याशी बोलत होती."

ते खरं होतं. त्या सगळ्या भानगडीत मी बोललेलं एकुलतं एक खरं वाक्य.

त्यानंतर यमुनेच्या हातचं कोणी घेईना. हळदीकुंकवाला नाही म्हणा, ती विधवाच होती, पण बारशालाही बोलावणं बंद. पोरं तिच्या ओटीवर चढली की आया हाक मारायच्या. विहीर गेल्याचा राग सगळ्यांना होता आणि तो ठेवायला ती मिळाली होती. पाण्याचं काम गेलंच होतं. मी काय केलं? तिच्या दारावरून जाताना पदर पुढे ओढायचे. एकदा ती मला म्हणाली, "तू तरी सांग गो त्यांना." मी म्हटलं, "माझं कोण ऐकतंय?" माझं सगळे ऐकत होते.

दवाखाना उभा राहिला. चांगला झाला. खाटांना वारा लागायचा, उन्हं येत नसत. माझी धाकटी दोन मुलं तिथेच झाली. दाईने मला पाणी दिलं तेव्हा मी विचारलं, हे कुठलं? नळाचं, म्हणाली. मग प्यायले.

यमुना डोंबिवलीला बहिणीकडे गेली, चाळीत भांडी घासायला. मी तिला एकदाच भेटले, तिकडे एका लग्नाला गेले होते तेव्हा. ती नळाच्या रांगेत उभी होती. हंडा तोच, पोचा पडलेला. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "त्या माणसाला माझ्या नवऱ्याचं कोणी सांगितलं असेल?"

तिला माहीत होतं का? माहीत असून विचारत होती, की खरंच विचारत होती? किती वर्षं मी त्या एका वाक्याची उलटसुलट चिरफाड केली आहे. आवाज कसा होता, डोळे कुठे होते. अजून मला सांगता येत नाही.

मी म्हटलं, "काय माहीत."

तेवढ्यात तिचा नंबर आला आणि तिने हंडा नळाखाली लावला.

आता तो दवाखाना पाडायचा आहे. दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी आली होती, पँट घातलेली, हातात मोजायचं यंत्र. ऊन कुठून, पाणी कुठे तुंबतं — तेच सगळं. मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. दवाखान्याच्या आधी या जागेत काय होतं?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. हिला कोणी पाठवलं असेल, असं मनात आलं.

मी म्हटलं, "काही नाही. बंगला होता पडका."

तिने ते टिपून घेतलं.

यमुना डोंबिवलीतच वारली. गणपत गेला. माझी सासू गेली, नवरा गेला. मुकादमाचं आणि नकाशावाल्याचं मला माहीत नाही. त्या दिवशी विहिरीवर ज्या बायका उभ्या होत्या, त्यातली आता मी एकटी जिवंत आहे.