चिंचेचं झाड दिसलं नाही

फोन वाजला तेव्हा मी भाकरी थापत होते. मिलिंद, माझा धाकटा भाऊ, त्या संध्याकाळी आमच्याकडे शिरूरला यायचा होता. त्याचाच फोन असणार आणि तो म्हणणार, "आक्का, झाड दिसलं न्हाई." म्हणजे येणं रद्द. दोन शब्द सुनावायच्या तयारीने मी पिठाच्या हातानेच फोन उचलला. पलीकडून कुणी परका माणूस बोलत होता... घाटात विमान डोंगराला धडकलं होतं.

त्या झाडाचं आधी सांगायला हवं. आमचं माहेर दौंडचं. आबा रेल्वेत गँगमन होते. मिलिंद शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकला. आमच्या बौद्धवस्तीतच काय, आसपासच्या गावांतही तोवर असं कुणी केलेलं नव्हतं. एका खासगी कंपनीचं छोटं विमान तो चालवायचा, मालकाला आणि पाहुण्यांना घाटापलीकडे नेऊन आणायचा. त्याचा एक नियम होता. माघारी कुठून वळायचं ते निघण्याआधी, जमिनीवर असतानाच ठरवायचं. अमुक डोंगर स्वच्छ दिसला तर पुढे, नाही तर तिथूनच परत. "वर गेल्यावं वाटतं, आजून थोडं बघू," तो सांगायचा. "पर वळायला जागा लागती, आक्का. दरीत शिरल्यावं ढग खाली आलं की जागाच उरत न्हाई."

हाच नियम तो मोटारसायकललाही लावायचा. एका संक्रांतीला तो माझ्याकडे निघाला तर धुई ही दाट. वाटेतल्या निमोणे गावाजवळचं चिंचेचं झाड वळणावरून दिसेना, तसा हा पठ्ठ्या सरळ दौंडला परत गेला आणि तिथल्या बूथवरून मला फोन केला. मी गुळाच्या पोळ्या करून वाट बघत बसलेली. आमचे हे पोट धरून हसले, "पाव्हणं इमान चालिवत्यात का बैलगाडी?" तेव्हापासून कुठल्याही कारणाने येणं रद्द झालं की तो त्या झाडावर ढकलायचा.

हसण्यावारी न्यायचा खरा, पण माघारी येणं त्याला सोपं नव्हतं. एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "दुसरा परत आला तर म्हणत्यात, ढग व्हते. मी आलो तर म्हणत्यात, ह्याला जमलं न्हाई." आबाही तिथेच होते. ते म्हणाले, "येत जा माघारी, पर सारखं नगं. आपल्याकडं बघणारं लई हायत." मिलिंद चहा संपवून उठला.

शेवटच्या आठवड्यात तो दोनदा घाटातून परत आला होता. त्यावरून मालक त्याला चारचौघांत काय बोलला, ते तिथल्या मेकॅनिकने आम्हाला मिलिंद गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं. पुढच्या खेपेला पाहुण्यांना आणायला मिलिंद एकटाच निघाला. विमान सापडलं ते त्याने नेहमी ठरवलेल्या डोंगराच्या पलीकडे. पेपरात आलं, वैमानिकाचा अंदाज चुकला. त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. वर चढून गेलेली माणसं म्हणाली, विमानाचं तोंड इकडे, आपल्या बाजूला होतं. म्हणजे तो वळत होता... जागा पुरली नाही. आबांनी हे सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

परवा सकाळी आम्ही दोघं आबांना भेटायला मोटारसायकलवर दौंडला निघालो. निमोण्याच्या पुढे धुई उतरली होती. यांनी आपणहून गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ समोर बघत राहिले. "दिसत न्हाई गं," म्हणाले. आम्ही निमोण्यात परत आलो. मी बूथवरून फोन लावला.

"आबा, झाड दिसलं न्हाई."

पलीकडून ते म्हणाले, "बरं केलंस, पोरी. जा माघारी." त्यांनी फोन ठेवला नाही, मलाही ठेववेना.

"बरं केलंस... माघारी आलास ते बरं केलंस," आबा पुन्हा म्हणाले. तेव्हा ते माझ्याशी बोलत नव्हते.