दूध केंद्रावरची बोलती खिडकी

कैनात शेख नगरला बीसीएस झाली आणि पुण्याची वाट न धरता परत तिसगावात आली, याचं गावाला अजून कोडं आहे. तिला विचारलं तर ती सरळ सांगते, "पुण्यात मला करमत नाही." शिकलेल्या मुलीनं इतकं साधं कारण द्यावं हे लोकांना पटत नाही, म्हणून त्यांनी आपापल्या सोयीची कारणं शोधून ठेवली आहेत. गावात तिला पहिलं काम मिळालं ते दूध संकलन केंद्राचं. सकाळचं दूध घेऊन झालं, की कुणाचं किती लिटर आणि फॅट किती लागली, हे दूध घालणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलवर जायला हवं होतं. तसा प्रोग्राम तिनं पायथनमध्ये लिहिला आणि केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला.

त्या कॉम्प्युटरवर बसायच्या सुरेखाताई. आधी त्या तिथंच कॅन धुवायच्या. दहावी झालेली बाई कॅन घासत बसलीय हे चेअरमन रंभाजीअण्णांना बरं वाटलं नाही, म्हणून त्यांनीच एक दिवस त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. तेव्हापासून ताई इस्त्रीची साडी नेसून यायला लागल्या. गावानं नाकं मुरडली, पण ताईंनी तिकडे काणाडोळा केला.

प्रोग्राम कामाचा होता, पण होता अगदी घुम्या. बटण दाबलं की स्क्रीनवरची त्याची खिडकी पांढरीफट्ट पडायची आणि तशीच राहायची. आत संदेश जात असायचे, आणि तिसगावचं नेटवर्क असं, की एकेक संदेश कुंथत कुंथत जायचा. बाहेरून मात्र काही कळायला मार्ग नाही. सुरेखाताई वाट बघायच्या, माउस हलवून बघायच्या, मग "हँग झालं" म्हणून सरळ भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करायच्या. दुसरं कुणी असतं तरी त्यानं हेच केलं असतं. पण त्यामुळं अर्ध्या लोकांना संदेश दोनदा गेले आणि उरलेल्यांना गेलेच नाहीत. ज्यांना गेले नाहीत ते केंद्रावर येऊन ताईंवर तोंडसुख घेऊ लागले. शेवटी अण्णांचाही संयम सुटला.

"हिच्या हाताला मशीनच टिकत न्हाई," ते कैनातला म्हणाले. "शनिवारी मी सोता बघायला येतो. नीट चाललं तर चाललं. न्हाई तर सुरेखा परत कॅन धुवायला."

कैनातला हे फार लागलं. खोट तिच्या प्रोग्रामची, आणि खुर्ची जाणार ताईंची. काम करणारा आणि खिडकी सांभाळणारा असा दोघांचा भार तिनं एकावरच टाकला होता. भजी तळणाराच गल्ल्यावर बसला, तर घाणा कढईत असताना गिऱ्हाईकानं कितीही हाका मारल्या तरी तो मान वर करणार नाही. तसंच हे झालं होतं.

मग तिनं प्रोग्रामचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे दोन गडी केले. एकानं मागं बसून संदेश पाठवायचे आणि दुसऱ्यानं खिडकी सांभाळायची. आधी तिनं मागच्याला थेट खिडकीत लिहू दिलं, तर दोघांची ओढाताण होऊन सगळंच मधे बंद पडलं. तेव्हा तिनं दोघांमध्ये रांग लावली. मागच्यानं एकेक ओळ रांगेत ठेवून आपल्या कामाला लागायचं. खिडकीनं थोड्या थोड्या वेळानं रांगेत डोकावायचं आणि असेल ती ओळ उचलून दाखवायची. ओळीही तिनं मराठीत लिहिल्या: 'वाल्मिक यांना गेला', 'आदिनाथ यांना गेला'. खिडकी बोलायला लागली.

शनिवारी अण्णा येऊन ताईंच्या खुर्चीवर बसले. ताई शेजारी उभ्या, कैनात दाराशी. अंगणात दूध घालून झालेली माणसं मुद्दाम रेंगाळली होती. ताईंनी बटण दाबलं. एकामागून एक ओळी सरकायला लागल्या. ताईंचा चेहरा खुलला. अण्णा मात्र डोळे बारीक करून स्क्रीनला नाक लावून बसले. त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

"ताई," कैनात म्हणाली, "खिडकी वाढवा जरा."

"आत्ताच?" ताईंनी चमकून विचारलं.

"हो, आत्ताच. अण्णा आहेत तोवर."

ताईंनी कोपऱ्यातली फुली दाबली आणि खिडकी गडप झाली.

ताईंच्या नवऱ्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान. संध्याकाळी ते बंद करायचं म्हणजे 'वाढवायचं'. बंद हा शब्द दुकानाला कुणी लावत नाही. कैनातच्या घरीही अब्बा रोज "दुकान बढाके आया" असंच म्हणत. म्हणजे तिला हे कळायला हवं होतं. तिनं कपाळावर हात मारला.

"न्हाई जमत हिला," अण्णा म्हणाले.

पदर खोचून ताई बाहेर नळावर गेल्या आणि त्यांनी ब्रश उचलला. कैनातला रडू येईलसं झालं. खिडकी गेली तरी मागच्यानं थांबायचं नाही, असं तिनं दोन दिवसांपूर्वी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं खरं. पण पेनड्राइव्हवरून आणलेली प्रत तीच होती की आधीची, याची तिला खात्री नव्हती.

तेवढ्यात अंगणात कुणाचा तरी मोबाईल वाजला. मग दुसरा. अंगणातल्या पारावर बसलेला आदिनाथ ओरडला, "आला की माजा!" खिडकी नव्हती, पण मागं काम चालूच होतं. अण्णा दारात येऊन बघत राहिले. मोबाईल वाजत गेले आणि हळूहळू थांबले.

शेवटचा वाजला तो सुरेखाताईंच्या कमरेला. त्यांची एक गाय होती आणि तिचं दूध सगळ्यांचं झाल्यावर मोजलं जायचं. त्यांनी हात पुसून मोबाईल काढला आणि मोठ्यानं वाचलं, "सुरेखा, चार लिटर, फॅट चार पॉइंट एक."

"ताईंकडून कधीच काही बिघडलं नव्हतं, अण्णा," कैनात म्हणाली. "चूक माझ्या प्रोग्रामची होती."

अण्णा आत जाऊन पुन्हा खुर्चीवर बसले. ताईंनी पदर सोडला, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आण्णा, उठा," त्या म्हणाल्या. "मला काम हाय."