अंतराळ स्थानकाला न दिलेलं उत्तर

माझे यजमान टेलिफोन खात्यात होते. मूळचे माढ्याकडचे, शेतकरी घरातले, आणि आवाज असा की घरात बोलले तरी गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं. खांबावर चढायचं आणि खालच्या माणसाशी ओरडून बोलायचं, यात त्यांची अख्खी नोकरी गेली. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. आमची मुलगी लहानपणी म्हणायची, बाबांना फोनची गरज काय.

चाळिशीत त्यांनी हॅम रेडिओची परीक्षा दिली. हौस म्हणून वायरलेसवर बोलायचा तो सरकारी परवाना. पास झालं की अक्षरं आणि आकडे मिळून स्वतःची एक ओळख मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. ह्यांची कॉल साइन मी इतक्या वेळा ऐकली होती, की झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगितली असती. मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. घरी आलं की वह्या तपासायच्या, आणि आतल्या खोलीतून ह्यांचं कुणा परगावच्या माणसाशी चाललेलं हवापाण्याचं बोलणं ऐकायचं.

निवृत्त झाल्यावर ते अंतराळ स्थानकाच्या मागे लागले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या स्थानकात पाच-सात माणसं सहा-सहा महिने राहतात. त्यांच्याजवळही हॅमचा सेट असतो, आणि कामातून सवड मिळाली तर ती खाली कुणाशीही बोलतात. स्थानक सोलापूरवरून जातं तेव्हा फार तर दहा मिनिटं टप्प्यात असतं. तेवढ्यासाठी हे हातात अँटेना घेऊन गच्चीवर उभे राहायचे. टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या नळ्या कापून त्यांनी ती स्वतः बनवली होती. माझ्याकडे वही आणि घड्याळ असायचं.

सुरुवातीला मला हे सगळं रिकामपणचे उद्योग वाटायचे. बहुतेक वेळा सेटमधून नुसती खरखर यायची. हे आपली कॉल साइन सांगायचे, थांबायचे, पुन्हा सांगायचे. वरून काही नाही. दहा मिनिटं झाली की हे वायर गुंडाळत म्हणायचे, "कामात असतील. तितं लई काम असतं."

पण अधूनमधून एखादा अंतराळवीर कुठल्यातरी शाळेतल्या मुलांशी बोलत असायचा आणि ते आम्हाला ऐकू यायचं. मुलं कुठं तरी लांब असत, त्यामुळे त्यांचे प्रश्न ऐकू येत नसत. फक्त वरची उत्तरं. इंग्रजी असलं तरी सावकाश आणि सोपं. आम्ही उत्तरावरून प्रश्न ओळखायचो. "भिंतीला बांधलेल्या पिशवीत," असं ऐकलं की कुणीतरी झोपण्याबद्दल विचारलेलं असणार. कपडे धूत नाहीत, बरेच दिवस वापरतात आणि मग कचऱ्याच्या यानात भरतात. ते यान खाली येताना जळून जातं. शनिवारी सगळे मिळून साफसफाई करतात. काही हरवलं की हवा ओढणाऱ्या जाळीपाशी जाऊन बघायचं, सगळं तिथं जाऊन चिकटलेलं असतं. ब्रेड खात नाहीत, कारण त्याचे कण उडत राहतात. मऊ पोळीसारखं काहीतरी गुंडाळून खातात. हे ऐकून ह्यांना फार हसू आलं होतं. आपली कडक भाकरी तिथं नेली तर स्थानक बंद पडेल, म्हणाले.

एकदा एका अंतराळवीरानं सांगितलं, की घाम आणि लघवीसुद्धा गाळून त्यांचं पिण्याचं पाणी होतं. आमच्याकडे तेव्हा नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं. गच्चीवरून खाली उतरताना हे म्हणाले, "नळ न्हाय, तरी रोज पाणी हाय त्यांना." पुढे आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत होते.

त्यांच्या दिवसाचं वेळापत्रकही आम्हाला पाठ झालं. ती माणसं आपल्या घड्याळात सकाळी साडेअकराला उठतात. मग बैठक, प्रयोग, दुरुस्त्या. रोज दोन तास व्यायाम, नाहीतर हाडं झिजतात. रविवारी बरीचशी मोकळीक. म्हणून रविवारची दुपार ह्यांनी धरून ठेवली. पाच वर्षं ते दर रविवारी हाक मारत होते. एकदाही उत्तर आलं नाही.

आवाज बसला तो असाच एका उन्हाळ्यात. आधी वाटलं, गच्चीवर ओरडून बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. सिगारेट त्यांनी नोकरीत असताना खूप ओढली होती. डॉक्टर म्हणाले जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. घरी येताना रिक्षात मी ह्यांना ते सगळं सांगितलं. दाराशी उतरल्यावर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रविवारला अजून तीन दिवस हायत."

ऑपरेशनच्या आधीच्या त्या दोन आठवड्यांत ते रविवारची वाट न बघता रोज वर जायला लागले. स्थानक दिवसातून जेवढ्या वेळा जाईल तेवढ्या वेळा. आवाज निम्म्यात फाटायचा, कॉल साइन पुरी व्हायची नाही. मुलगी पुण्याहून आली होती. तिनं त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि म्हणाली, बाबा, काहीतरी बोलून ठेवा. त्यांनी मान हलवली. आवाज शिल्लक आहे तो वर जाऊ दे, असं काहीसं म्हणाले. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ रडली. वरून उत्तर आलं नाही.

ऑपरेशननंतर गळ्याच्या पुढच्या बाजूला एक छिद्र राहिलं. श्वास तिथूनच. त्यावर बांधायला मी जुन्या धोतराचे छोटे रुमाल शिवले, रोज दोन लागायचे. मानेला धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते डॉक्टरांनी दाखवलं. ह्यांनी एकदा लावून पाहिलं. त्यातून निघालेला तो बारीक, एकसुरी आवाज ऐकला आणि यंत्र पेटीत ठेवून पेटी माझ्याकडे दिली. मग माझी शाळेतली पाटी काढली. लिहायचं असेल तर पाटी, हाक मारायची असेल तर पेला आणि चमचा.

नाकातून श्वास नाही म्हणून वासही गेला. मी शेंगा भाजत होते आणि ते शेजारी बसून होते. अर्धी कढई करपली. मी दारात कुणाशी तरी बोलत उभी होते, आणि त्यांना शेजारी बसून काही कळलं नाही. आल्यावर मी बोलायला नको ते बोलले. त्यांनी पाटीवर लिहिलं, "वर बी नाक चोंदतं. जेवणाला चव लागत न्हाय. ती बी माणसंच हायत की." मी करपलेली कढई घासायला घेतली.

खांदा आखडला होता, व्यायाम सांगितला होता, तो करायला ते तयार नसत. मग मीही तेच हत्यार काढलं. म्हटलं, तिथं रोज दोन तास करतात, तुम्हाला दहा मिनिटं होत नाहीत? ते उठले आणि भिंतीला हात लावून बोटं वर चढवायला लागले. असे आमचे दिवस जात होते. रविवारी ते गच्चीवर मात्र जायचे. बोलायला नाही, ऐकायला. मी आता बरोबर जात नव्हते. त्यांना तिथं गप्प उभं असलेलं बघवत नव्हतं.

त्या रविवारी चार वाजून गेले होते. नळाला पाणी आलं होतं आणि मी खाली टाकी भरत होते. वरून पेला वाजायला लागला. न थांबता, जोरात. श्वास अडकला असेल या भीतीनं मी साडी धरून जिना चढले. हे कठड्यापाशी उभे होते. पेला पायाशी पडला होता, एका हातात अँटेना, दुसऱ्यात सेट. आणि सेटमधून एक बाई बोलत होती.

दक्षिणेकडच्या कुणाशी तरी तिचं बोलणं नुकतंच संपलं होतं. ती म्हणत होती, की आज तिला सुट्टी आहे, खिडकीशी आली आहे, खाली तपकिरी जमीन दिसते आहे, ढग नाहीत. आणखी कुणी ऐकत असेल तर बोला.

ह्यांनी बोलायचं बटण दाबलं. ओठ हलले. मला ओठांवरून एकेक अक्षर ओळखू येत होतं, ती कॉल साइनच होती. गळ्यावरचा रुमाल हवेनं फडफडला. त्यांनी बटण सोडलं.

ती म्हणाली, "कुणीतरी आहे. सिग्नल जोरात येतोय, पण आवाज नाही. माइक तपासून पुन्हा बोला."

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. ती थांबली होती. मग त्यांनी माझ्याकडे वळून सेट माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. अंगठा बटणावर होता. कॉल साइन पाठ होती. तीस वर्षं वर्गापुढे उभी राहून बोलले होते, इंग्रजीचे दोन शब्द मला जड नव्हते. पण मी बटण दाबलं नाही. परवाना नसताना बटण दाबणं गुन्हा आहे, असं ह्यांनीच मला बजावलं होतं. एकदा पुसताना चुकून दाबलं गेलं तर दिवसभर बोलत होते. हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा दिलं. खरं म्हणजे मी घाबरले. लाजले म्हटलं तरी चालेल. काय बोलू, कसं बोलू, चुकलं तर, एवढंच डोक्यात येत राहिलं. हे माझ्या दंडाला धरून उभे होते. ती बाई म्हणाली, अजून थोडं थांबते. ती खरंच थांबली. मग कुणीतरी दुसरा आला, ती त्याच्याशी बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज खरखरीत बुडून गेला.

ह्यांनी माझ्या हातातून सेट काढून घेतला, बंद केला, वायर गुंडाळली. पाटी उचलून लिहिलं, "सिग्नल जोरात म्हणाली. ऐकलंस की?"

मी हो म्हटलं. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "खाली पाणी वाया जातंय."

टाकी भरून पाणी अंगणात, तिथून रस्त्यावर गेलं होतं. मी नळ बंद केला आणि तिथेच ओट्यावर बसले. ते वरून सावकाश उतरून आले, खराटा घेतला आणि अंगणातलं पाणी झाडांकडे लोटायला लागले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी ते वर गेले नाहीत. मी वेळ झाल्याची आठवण करून दिली, त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मी परीक्षा देते, परवाना काढते, आपण दोघं मिळून बोलू. "कशाला," एवढंच त्यांनी लिहिलं. तरी मी त्यांची जुनी पुस्तकं काढून बसायचे, ते पलंगावरून बघत राहायचे, आणि माझं काही अडलं तरी पाटी उचलायचे नाहीत. महिन्याभरात मी पुस्तकं परत कपाटात ठेवली. थंडीच्या सुरुवातीला खोकल्यातून रक्त आलं. आजार फुप्फुसात उतरला होता. संक्रांतीच्या आधी ते गेले, सकाळी, मी रुमाल बदलत असताना.

सेट आणि अँटेना मी इथल्या इंजिनीअरिंगच्या एका कॉलेजला देऊन टाकली. न्यायला आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, सरांचं कधी स्थानकाशी बोलणं झालं होतं का. मी नाही म्हणाले.

मुलीला मी सांगितलं होतं, की बाबांनी प्रयत्न केला पण आवाज नसल्यानं जमलं नाही. सेट माझ्या हातात दिला होता हे सांगितलं नव्हतं. परवा पेपरात बातमी होती, की ते स्थानक आता जुनं झालंय आणि काही वर्षांनी ते समुद्रात पाडणार आहेत. तिनंही ती वाचली होती. फोनवर म्हणाली, बाबांना किती वाईट वाटलं असतं. मी म्हटलं, त्यांना ठाऊक होतं. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, आपल्यानंतर पडंल ते.

आणि मग, का कोण जाणे, मी तिला त्या रविवारचं सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "आई, बोलली असतीस तर काय बोलली असतीस गं?"

"काय माहीत," मी म्हटलं, आणि तिच्या मुलांच्या परीक्षेचं विचारलं. तिनंही पुढे लावून धरलं नाही.

पण माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. एवढंच सांगायचं होतं, की माइक चांगला आहे. हे इथे उभे आहेत आणि त्यांना तुमचं सगळं ऐकू येतंय.