तारीख नसलेला राजीनामा

सिंगापूरला बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये मी पोस्टडॉक करत असताना शेजारच्या खोलीत किर्गिझस्तानची एक बाई राहायची. पंचेचाळिशीची. राज्यकारभाराचा वर्षभराचा कोर्स करायला आलेली. मी तिला ‘एजे’ म्हणायचे. एजे म्हणजे त्यांच्याकडची ताई.

एजे मूळची गावातल्या शाळेत गणित शिकवणारी. गावच्या पाण्यासाठी भांडता भांडता राजकारणात आली आणि एका पक्षाच्या यादीतून थेट देशाच्या संसदेत पोचली. तिथे बऱ्याच जागांसाठी लोक पक्षाला मत देतात आणि पक्षाच्या यादीतली माणसं क्रमाने संसदेत जातात. यादीत काही बायका असाव्याच लागतात, म्हणून तिला घेतलं होतं. निवडणुकीआधीच पक्षाने तिच्याकडून राजीनाम्यावर सही घेऊन ठेवली होती. तारीख कोरी. पुढे एकदा तिने पक्षाच्या विरोधात मत दिलं. दुसऱ्याच दिवशी त्या कागदावर तारीख पडली आणि तिच्या खुर्चीत यादीतला पुढचा पुरुष बसला.

हे ऐकून मी तिला माझ्या मावशीबद्दल सांगितलं. मावशी पाच वर्षं सरपंच होती. ग्रामसभेत बोलायचे काका. मला वाटलं, एजे हसेल. ती हसली नाही.

एका शनिवारी सकाळी तिचा फोन वाजला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. फोन ठेवून म्हणाली, “पुन्हा निवडणूक आहे. बायका हव्याच आहेत, म्हणून पक्षवाले मला यादीत वरची जागा देतायत. आणि पुन्हा तसाच कागद. आज दुपारी दोनच्या आत सही करून पाठवायचा.”

“नाही पाठवला तर?”

“माझा धाकटा भाऊ जिल्हा कचेरीत नोकरीला आहे. बोलता बोलता त्यांनी दोनदा विचारलं, तो कसा आहे म्हणून.”

कागद मेलवर आलेलाच होता. तिने लॅपटॉप उघडा ठेवला आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागली. आईचा फोन आला. आई रडत होती, ते मला भाषा न कळताही कळलं. मग भावाचा आला. तो ओरडत होता. एजे भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

एक वाजून गेला तेव्हा तिने मला विचारलं, “तू काय केलं असतंस?”

खोटं बोलवेना. “मी सही केली असती, एजे.”

तिने मान हलवली. रागावली नाही. पण त्यानंतर माझ्याकडे बघितलंही नाही.

दोनला दहा मिनिटं असताना तिने स्वतःच फोन लावला. एकच वाक्य बोलली आणि फोन बंद केला. मग लॅपटॉप मिटला.

“काय सांगितलंत?”

“यादी नको म्हटलं. गावाकडच्या मतदारसंघातून अपक्ष उभी राहते.”

पंधरवड्यात भावाची नोकरी गेली. एजे कोर्स अर्धवट टाकून निघाली. विमानतळावर मी तिची बॅग ओढत होते आणि ती फोनवर कुणाला तरी प्रचारासाठी गावांची नावं सांगत होती. निरोप धड झालाच नाही.

ती निवडून आली. थोडक्या मतांनी, पण आली. महिन्याभराने मी फोन केला, अभिनंदन केलं आणि विचारलं, “भाऊ बोलतो का?”

“नाही,” ती म्हणाली. “आईकडे गेले, की तो उठून बाहेर जातो.” मागे कुणीतरी तिला हाक मारली. सभागृहात तिच्या बोलण्याची वेळ झाली होती.